पेकाटाचा इंग्रजी शब्द

गुरुजी, तुमी जाऊन लई वरसं झाली, तरी माझा राग काय जाईना. तुमच्यावर कमी, त्या सारोळ्याच्या पोरीवर जास्त. मामाकडं शिकायला आलेली, पुढच्या बाकावर बसायची, चापून दोन वेण्या. मी मागं, अंगाला शेरडांचा वास. त्या दिशी शाळेत पोरांना खायला मिळायच्या सुकडीचं पोतं तालुक्यावरनंच निम्मं रिकामं आलं. तुमी पोत्याकडं बघत एक इंग्रजी शब्द बोललात, आन तिच्या वहीत लाल पेनानं लिवून दिलात. मी उठले, "गुरुजी, मला बी द्या की." तर म्हणता, "तू आधी मराठी नीट लिही." वर्ग हसला. ती बी हसली, वहीवर हात ठेवून.

शब्द व्हता पेक्युलेशन. मला ऐकू आलं पेकाटलेशन. म्हणलं, चोराचं पेकाट मोडायचं त्याला इंग्रजीत आसं म्हणत असतील. लगीन होऊन वेल्ह्याला आले, तरी शेरडू कुंपणात शिरलं की वरडायची, "थांब, तुझं पेकाटलेशन करते!" मालक दचकायचे, "काय गं ते?" "इंग्रजी हाय. गुरुजींनी दिलंय." कुठं दिलंवतं तुमी? आता मालक बी न्हाईत, दचकायला कुणी न्हाई.

नात भोरला कॉलेजात हाय. ती परीक्षेचे शब्द पाठ करत म्हणली, "आजी, पेक्युलेशन म्हंजे सगळ्यांचं ज्याच्याकडं इश्वासानं ठेवायला दिलं, त्यानंच ते गपचूप खायचं."

"आन पेकाट?"

हसून लोळली. मग मोबाईलात बघून म्हणली, ह्यो लॅटिन भाषेतल्या गुराढोरांच्या शब्दातनं निघालाय. तवा जितराब हीच मालमत्ता, म्हणून मालमत्ता खाण्याला आसं नाव.

बघा गुरुजी, शब्द आमच्या गोठ्यातला. दिलात कुणाला? जिच्या घरी कोंबडं बी न्हवतं!

परवा बाजारात ती भेटली. केस अजून काळे, मेलीचे. माझा हात धरून म्हणली, "गुरुजींनी मला एक शब्द लिवून दिलावता, आठवतोय का गं? वही हरवली. त्यांची तेवढीच खूण व्हती."

"कंचा गं? मला कुठं दिलावता?" म्हणलं म्या.

डोळं भरलं तिचं. मला शब्द येत व्हता, अर्थासकट. न्हाई दिला. म्या एकटीनंच खाल्ला. हे पत्र कुठं टाकायचं न्हाई, पन खरं सांगते गुरुजी, लई ग्वाड लागला.