आठवी ‘ब’मधलं वर्तुळ

जुनी इंदूर,
२१ डिसेंबर

प्रिय ऋजुता,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल. पत्र माझंच आहे, दिनानाथ सरांचं. शाळेत असताना तू माझं फळ्यावरचं अक्षर गिरवायचीस असं तुझी आई सांगायची, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. तुझं सुदामा नगर काही लांब नाही आणि फोन दोघांकडेही आहे. पण समोर बसून मी हे बोललो नसतो. चहा घेतला असता, शाळेच्या चार गोष्टी केल्या असत्या आणि उठून घरी आलो असतो. आठवी ‘ब’चं गणित यापुढे मी शिकवावं की नाही, असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, आणि त्याची सुरुवात तुझ्यापासून होते.

तीन वर्षांपूर्वीची ती मीटिंग तू विसरली नसशील. माजी विद्यार्थ्यांच्या मागे लागून तू शाळेसाठी चार स्मार्ट बोर्ड मिळवले होतेस. मुलं आता नुसती बघत बसणार नाहीत, उठून बोर्डापाशी येतील, स्वतःच्या बोटानं त्रिकोण ओढतील, चुकतील, पुसतील, पुन्हा करतील, असं तू उभी राहून सांगत होतीस. आणि मी मागच्या खुर्चीवरून म्हणालो, की ज्यांना वर्ग सांभाळता येत नाही त्यांना टीव्ही लागतो. सगळे हसले. आठवी ‘अ’ला गणित शिकवणारा आपला पीयूष तर टेबलावर हात आपटून हसला. तू खाली बसलीस आणि मीटिंग संपेपर्यंत मान वर केली नाहीस. तुझ्या नोकरीच्या अर्जाला शिफारस माझी होती. तुझी पहिली दोन वर्षं वर्गात किती जड गेली, हे तू मला विश्वासानं सांगितलं होतंस, आणि नेमकं तेच मी चारचौघांत काढलं. एप्रिलमध्ये तू राजीनामा दिलास. त्यात घरचं कारण होतं. ते खरं मानून घेणं मला सोयीचं होतं, म्हणून मानलं.

तू गेल्यावर आठवी ‘ब’मधल्या बोर्डावर मी जुनी चादर टाकली. शेजारच्या हिरव्या फळ्यावर माझं चाललं होतं. तुला आठवत असेल, जूनमधल्या पहिल्या तासाला मी काही न बोलता फळ्यावर एका दमात एक वर्तुळ काढायचो, कंपास न घेता. मग एखाद्या मुलाला दोरी देऊन ते मोजायला लावायचो. तुमच्या वेळी दोरी तूच धरली होतीस. तीस वर्षं ते वर्तुळ चुकलं नाही. शाळेत माझी जी काही ऐट होती, ती त्या एका वर्तुळावर होती असं म्हटलं तरी चालेल.

या जूनमध्ये ते जुळलं नाही. सुरुवात आणि शेवट यांत चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं आणि मधली रेघ जागोजागी थरथरलेली होती. मुलं हसली नाहीत. पहिल्या बाकावरच्या उर्वीनं फक्त विचारलं, सर, चॉक गीली है क्या. मी हो म्हणालो. खडू चांगला कोरडा होता, ऋजुता. त्याआधी दोन महिने डॉक्टरांनी मला कंपवात असल्याचं सांगितलं होतं. मी त्यांची चिठ्ठी घडी घालून लॉगॅरिदमच्या पुस्तकात ठेवली होती आणि सुनीतालाही, स्वतःच्या बायकोलाही, दाखवली नव्हती.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी चादर काढली. बोर्डाखालच्या कप्प्यात एक वही होती. तिच्यावर तुझ्या अक्षरात ‘दिनानाथ सरांसाठी’ असं लिहिलेलं होतं. बोर्ड चालू कसा करायचा, पान कसं साठवायचं, कुठल्या वेळी कुणाला बोर्डाशी बोलवायचं, सगळं पायरी पायरीनं, माझ्यासारख्या हट्टी माणसाला समजेल असं. म्हणजे मी तुला तसं बोलल्यावर, शाळा सोडायच्या आधी, तू बसून ही वही लिहिलीस. नवव्या पानावर तो आकार ओळखणारा पेन होता. त्यानं कसंही वेडंवाकडं वर्तुळ काढा, हात उचलला की ते क्षणात स्वच्छ गोल होतं. मी काढलं आणि ते झालं. मी तिथे एकटाच उभा राहून पंधरावीस वर्तुळं काढली. मला रडू आलं हे तुला सांगायला आता लाज वाटत नाही.

तुझं बाकीचंही खरं ठरलं. मुलं खरोखर उठून यायला लागली. ही उर्वी देपालपूरहून मामाकडे शिकायला आलेली, त्या खडूच्या प्रश्नानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. एक दिवस तिनं बोर्डावर त्रिकोणाचं टोक धरून ओढायला सुरुवात केली. त्रिकोण चपटा झाला, उंच झाला, आणि तिन्ही कोनांची बेरीज मात्र एकशे ऐंशीच राहिली. ती पुन्हा पुन्हा ओढून बघत होती, आणि मग माझ्याकडे वळून, सर, ये मानता ही नहीं, म्हणाली. सगळा वर्ग उठून बोर्डापाशी आला. तीस वर्षं मी हा सिद्धांत शिकवला, पण त्याच्याशी भांडायला कुणी आलं नव्हतं. कुमुदिनी मॅडम पाहुण्यांना घेऊन मुद्दाम माझ्या वर्गात यायला लागल्या. प्राचार्यच त्या, दारात उभं राहून सांगायच्या, हमारे सबसे सीनियर सर हैं, देखिए. मी तुझं नाव एकदाही घेतलं नाही.

अभ्यासक्रमातून भूमितीच्या रचना कमी झाल्या तरी आपल्या अर्धवार्षिक पेपरात मी त्या ठेवतोच, हे तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात पेपर तपासायला घेतले. अडतीस मुलांपैकी सव्वीस जणांनी वर्तुळं हातानं काढलेली, कंपासचं टोक टेकवल्याची खूणही नाही. कंस अंदाजानं, लंबदुभाजक अंदाजानं. उर्वीचाही पेपर तसाच. तिला बोलावून विचारलं, तर तिला प्रश्नच कळेना. सर, अपने आप ठीक हो जाता है ना, एवढंच ती म्हणाली.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. मी मीटिंगमध्ये म्हणत होतो तेच झालं, असं वाटलं. तुला फोन करून सांगावं इथपर्यंत माझी मजल गेली होती. मग पीयूषकडून आठवी ‘अ’चे पेपर मागून घेतले. तोच बोर्ड, तोच पेन, तेच धडे. त्याच्या दोनच मुलांची वर्तुळं चुकली होती. तुझ्यावर सगळ्यात मोठ्यानं हसलेला हा माणूस रोज आधी लाकडी कंपासनं फळ्यावर आकृती काढून दाखवतो आणि मग बोर्डाकडे वळतो. हे तुझ्या वहीतच पहिल्या पानावर आहे, त्यालाही तशीच वही मिळाली होती. ते पान मी वाचलं होतं आणि सोडलं होतं, कारण जूनपासून लाकडी कंपास हातात घ्यायची मला भीती वाटत होती. माझ्या मुलांनी सहा महिन्यांत एकदाही खरी आकृती तयार होताना पाहिली नव्हती. बोर्ड काही चुकला नाही. माझा हात कुणाला दिसू नये म्हणून मी अडतीस मुलांच्या हातात काही येऊच दिलं नाही.

काल मी बोर्ड बंद केला आणि कपाटातून लाकडी कंपास काढला. टोक फळ्यावर टेकवलं की घसरायचं. तीनदा घसरलं. मग मी वळून त्यांना सांगितलं, की मला असा असा आजार आहे, चॉक गीली नव्हती, आणि बोर्ड माझी चूक झाकत होता, तुमची चूक झाकायला पेपरात कुणी येणार नाही. सर, दर्द होता है क्या, असं उर्वीनं विचारलं. नाही म्हटल्यावर ती उठून आली आणि दोन्ही हातांनी कंपासचं टोक फळ्यावर दाबून धरलं. खडूचा पाय मी फिरवला. रेघ थरथरली, पण वर्तुळ जुळलं. मग ती म्हणाली, अब आप बोलिए, मैं बनाती हूँ. उरलेला तास मी खुर्चीत बसून बोलत होतो आणि मुलं पाळीपाळीनं येऊन काढत होती. वर्ग छान सांभाळला गेला. घरी येऊन सुनीताला चिठ्ठी दाखवली. तिनं ती न उघडताच बाजूला ठेवली. गेले तीन महिने ती माझा चहाचा कप अर्धाच भरते आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

आज सकाळी मी कुमुदिनी मॅडमना सगळं सांगितलं आणि नाताळच्या सुट्टीनंतर आठवी ‘ब’ माझ्याकडून काढून घ्या, असं लेखी दिलं. कुणाला देऊ, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, आणि ते बोर्ड शाळेत कुणी आणले, माझी वही कुणी लिहिली, तेही सांगितलं. जे मी चारचौघांत म्हणालो, ते चारचौघांत परत घ्यायला शनिवारच्या मीटिंगमध्ये मी उभा राहणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. माझं चुकलं, ऋजुता. तू नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. पण तुला यावंसं वाटलं, तर या मुलांना दोन्ही शिकव, आधी हात आणि मग बोर्ड. पीयूषनं हे पत्र कॉम्प्युटरवर टाइप करून छापून द्यायची तयारी दाखवली होती. मी नको म्हणालो. आजची सबंध दुपार आणि संध्याकाळ लागली, पण हातानंच लिहिलं. खाली एक वर्तुळ काढलंय, कंपास न घेता. जुळलेलं नाही. दोरी लावून बघ.

तुझाच,
दिनानाथ सर