दादीचा हंडा आणि कार्बन कर

दिल्ली

प्रिय अब्बा, सलाम.

कार्बन कर फक्त मोठ्या कारखान्यांना लागेल, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चुकलं. कर इंधनावर बसला, तर खंडाळ्याच्या बंगलेवाल्यांच्या पेट्रोलबरोबर तुमच्या इस्त्रीच्या दुकानातला गॅसही महागेल.

कर हवाच, असं मला अजून वाटतं. पण दादीचा नियम आठवत राहतो. जो जास्त पाणी सांडेल त्याने नळावरून हंडा आणायचा. मला म्हणायची, "आंघोळ केलीस का म्हशी धुतल्यास गं?" धाकटा उमर पोटात होता तेव्हा अम्मीला मात्र हंडा माफ होता.

इथल्या जाहीर चर्चेत मला तेच मांडायचंय. कर घ्या, पण तुमच्यासारख्यांना त्यातून परत द्या. ज्यांच्याबरोबर मी इथे कराची मागणी करायला आलेय, त्या माझ्या गटाला हे पटत नाही, कदाचित मला वगळतील. तुम्ही काळजी करू नका. अम्मीचे गुडघे कसे आहेत?

गटात असले-नसले तरी शुक्रवारी, चौदा तारखेला, मी उठून बोलणार आहे.

तुमची सानिया