ती चालवतेय, पण तिला येत नाही

मु. पो. खडकवाडी, ता. चोपडा
गुरुवार, सकाळ

ती. नाना आणि ती. वहिनी,

दोघांना वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धंच वाकले, उरलेलं धरून घ्या.) नानांचे गुडघे कसे आहेत? वहिनींची शुगर उतरली का? नाना समोर बसून पेढा खातात आणि वहिनींना नुसता वास देतात असं आमची मयुरी सांगत होती, ते बंद करावं. इकडे बठ्ठं ठीक शे. केळीला भाव बरा आहे, कापूस वेचायला माणसं नाहीत, मयुरीच्या पप्पांचं वजन वाढलं आहे आणि ते वजनकाट्याला दोष देतात.

नाना, तुम्ही एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, निम्मा साक्री तालुका तुमच्या हातून नापास झाला, म्हणून ही हकिकत तुम्हालाच सविस्तर लिहिते.

आमच्या बायकांच्या बचत गटाच्या केळीच्या वेफर्सची एक पिशवी कशी कोण जाणे मस्कतला पोचली (मयुरीच्या मैत्रिणीच्या नवऱ्याच्या सामानातून, असा माझा अंदाज) आणि तिथल्या चाको नावाच्या व्यापाऱ्याचा फोन आला की मी येऊन तुमचं काम बघणार. हे चाको साहेब मूळचे केरळचे. केरळच्या माणसाने वेफर्स बघायला खानदेशात यायचं, म्हणजे आपण काश्मीरला केळी बघायला जाण्यासारखं, पण येतो म्हणतो त्याला नाही कसं म्हणायचं? अडचण एवढीच की त्यांना हिंदीतले ‘पानी’ आणि ‘कितना’ हे दोनच शब्द येतात. उरलेलं सगळं इंग्रजीत. मयुरीचे पप्पा म्हणाले, मी बोलेन, तुम्ही बायका फक्त नमस्कार करा. (हे बी. ए.च्या पहिल्या वर्षाला तीन वर्षं होते, हे तुम्हाला माहीत आहेच. लग्न जमवताना तुम्ही ते ‘तीन वर्षांचं कॉलेज’ असं सांगितलं होतं.)

पण गटातल्या बायकांनी ऐकलं नाही. रविंद्रभाऊंची मृणाली जळगावला इंग्रजीत एम. ए. होऊन आली आहे, तिला गाठलं. ती रोज दुपारी चारला, केळी कापून हात धुऊन झाले की, समाजमंदिरात आमचा वर्ग घ्यायला लागली. पोरगी दिसायला चिमणीएवढी, पण फळ्यासमोर उभी राहिली की तुमची आठवण येते. तिने पहिल्याच आठवड्यात चार शब्द लिहून दिले. कॅन म्हणजे अंगात बळ आहे का, येतं का. मे म्हणजे परवानगी आहे का, आणि कधीकधी कदाचित. माईट म्हणजे त्याहून कदाचित, देव जाणे. आणि कुड म्हणजे पूर्वी यायचं, किंवा आत्ताच पण मान देऊन विचारायचं असेल तर. धुरपदाबाईंनी (वय एकाहत्तर, दात चार, तरी वेफर्सच्या चवीवर शेवटचा शब्द त्यांचाच) वहीत फक्त ‘देव जाणे’ एवढंच उतरवून घेतलं, कारण ते त्यांना आधीपासून येत होतं.

मृणालीचा नियम कडक. विचारल्याशिवाय उठायचं नाही, आणि विचारायचं ते मे लावून. एकदा धुरपदाबाईंची म्हैस सुटल्याचा निरोप आला. त्या घाईने म्हणाल्या, “कॅन आय गो होम?” मृणाली म्हणाली, “कॅन का मे, आजी?” धुरपदाबाईंना वाटलं आपल्या गुडघ्यांवर संशय घेतला. त्यांनी लुगडं खोचलं आणि समाजमंदिरात भिंतीपासून भिंतीपर्यंत चार फेऱ्या मारून दाखवल्या. मग म्हणाल्या, “देखं? कॅन!” आणि पुन्हा जागेवर बसल्या. म्हैस तोवर सरपंचांच्या मक्यात शिरली होती. पण परवानगी मिळाल्याशिवाय त्या काही उठल्या नाहीत, आणि आम्ही सगळ्या हसत असल्यामुळे मृणालीच्या तोंडून परवानगी निघेना.

मी मात्र त्या दिवशी घरी येताना हसत नव्हते. माझ्या डोक्यात भलताच किडा शिरला होता. आपल्या बोलीत एकच ‘जमाव नही’ दोन्हीकडे राबतो. एखादी गोष्ट येत नसेल तरी जमाव नही, आणि करू द्यायची नसेल तरी जमाव नही. तीस वर्षं मी ऐकत आले. तुले गाडी जमाव नही. तुले बँक जमाव नही. तुले जळगावले एकटं जानं जमाव नही. मी समजत होते की हे सगळं माझ्या अंगातलं उणं आहे. (नाना, दहावीनंतर मला धुळ्याला कॉलेजला जाणं जमणार नाही असंही आपल्या पिंपळनेरच्या घरी ठरलं होतं. मार्क तर एकसष्ट टक्के होते. ते कॅन होतं की मे, हे आता विचारत नाही, सहज आठवलं.)

मी संध्याकाळी ह्यांना सरळ विचारलं, “तुम्ही मला जमाव नही म्हणता, ते कॅन का मे?”

“मे महिनाले आखो टाईम शे,” ते म्हणाले, आणि बातम्यांचा आवाज वाढवला.

पोळा झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात चाको साहेब आले. हे त्यांना घ्यायला चोपड्याला गेले, कडक इस्त्री करून, आणि टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. चांगला डांबरी रस्ता सोडून ह्यांनी ड्रायव्हरला नाल्याकडच्या वाटेने घातलं, का, तर साहेबांना आपली केळी आधी दिसावी. आपली काळी जमीन, आदल्या दिवशी पाऊस. गाडी दारापर्यंत चिखलात बसली. ह्यांचा मला फोन. “हितेंद्रले सांग, ट्रॅक्टर लई ये.” शेजारचा हितेंद्र धुळ्याला गेलेला. ट्रॅक्टर चालवणारा दुसरा एक, तो सासुरवाडीला. गावात त्या वेळी पुरुष म्हणाल तर दोन: एकाला दिसत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते जी ह्यांनाही ठाऊक नव्हती. हे ट्रॅक्टर खळ्यात नेमका तिथे लावतात जिथे दिवसभर ऊन असतं, आणि वेफर्स वाळवायला मला तीच जागा लागते. म्हणून हे शेताकडे गेले की मी ट्रॅक्टर चार हात मागे घेते, आणि हे यायच्या आत चार हात पुढे. चौदा वर्षं. ते सगळं अंतर सरळ एका रेषेत काढलं असतं तर तुमच्याकडे धुळ्याला येऊन चहा पिऊन परत गेले असते. पण खळ्याच्या फाटकाबाहेर कधी नेला नव्हता. किल्ली आधी दोनदा उलटी लावली, खोटं कशाला सांगू. धुरपदाबाई न विचारता मडगार्डवर चढल्या, मांडीवर वेफर्सचा डबा घेऊन. म्हणाल्या, सायेबनं डोकं तपेल व्हई, काही तरी खावाले पाहिजे.

गेले. पहिल्या गिअरमध्येच गेले, कारण दुसरा कुठे असतो हे चार हातांत कधी कळलं नव्हतं. वळणावर भिकुबाईंच्या कुंपणाचा एक खांब आडवा झाला (तो आधीच वाकडा होता). नाल्याजवळ पोचले तर साहेब चिखलात उभे, एक बूट पायात, दुसरा हातात. आणि शेजारी आमचे हे, इस्त्री गेलेली. पुढचं बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

साहेब म्हणाले, “कॅन युवर वाईफ ड्राइव्ह?”

हे म्हणाले, “नो सर. शी कॅनॉट.”

“बट शी इज ड्रायव्हिंग.”

“येस सर,” हे अगदी कळवळून म्हणाले, “ड्रायव्हिंग. बट शी कॅनॉट.”

नाना, त्यांच्या तोंडाकडे बघून मला दया आली, कारण ते खोटं बोलत नव्हते. डोळ्यांना दिसत होतं ते त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी ब्रेक मारला, ट्रॅक्टर दोन हात घसरून थांबला, आणि मी वरूनच म्हणाले, “एक्स्क्यूज मी सर. ही मीन्स मे नॉट.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि ते इतके हसले की हातातला बूटही चिखलात पडला. धुरपदाबाईंनी वरून डबा पुढे केला. साहेबांनी हात पुसत विचारलं, “मे आय?” म्हातारीच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या दिवसांत कोणीतरी पहिल्याच झटक्यात बरोबर विचारलं होतं. “यू मे, बाबा,” त्या म्हणाल्या, “यू मे, यू मे, बठ्ठा डबा यू मे!”

हे हसले नाहीत. साखळी घेतली, चिखलात गुडघाभर शिरून गाडीला बांधली, आणि ट्रॅक्टरजवळ येऊन चाकावर पाय ठेवला. आता मला उतरावं लागणार असं वाटलं. मी उतरले नाही. स्टिअरिंग धरून बसले. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग पाय खाली घेतला आणि हळूच म्हणाले, “ज्योत्स्ना, क्लच हयू सोड.” हळूच सोडला. गाडी निघाली.

घरी आल्यावर पुढचं सगळं सरळ व्हायला हवं होतं, पण मृणालीचे चार शब्द आडवे आले. साहेब वेफर्स चावत म्हणाले, “वी माईट टेक धिस.” माईट ऐकताच धुरपदाबाईंनी ‘देव जाणे’ असं मोठ्याने म्हणून त्यांच्या पुढची बशी उचलून आत नेली. ती मृणालीने परत आणली. मग साहेब म्हणाले, “कुड यू सेंड अ कन्साइनमेंट एव्हरी मंथ?” मला कुड म्हणजे पूर्वीचं आठवलं, मान देऊन विचारायचं तेवढं विसरले. मी म्हणाले, “नो सर, बिफोर वी कुड नॉट. नाऊ वी कॅन.” साहेबांनी हे उत्तर वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, असं कंपनीच्या पाकिटावर छापलं पाहिजे. मी चूक केली होती हे मृणालीने मला ते गेल्यावरच सांगितलं, तिचे आभार.

निघताना साहेब म्हणाले की मस्कतला खाण्याच्या पदार्थांचं प्रदर्शन आहे, आठ दिवस, गटातर्फे दोघी या, खर्च कंपनी करेल. माझ्याकडे बघून विचारलं, “कॅन यू कम?” आणि ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी ह्यांच्याकडे बघितलं. मीसुद्धा. सवय. हे खाली बघत पायाचा वाळलेला चिखल काढत होते. तो काढता काढता म्हणाले, “तुले इचारी ऱ्हायनात सायेब. मन्हाकडे काय देखस?”

मी म्हणाले, “आय कॅन.” त्यानंतर आत जाऊन पाणी पिऊन आले.

तर पासपोर्ट आला, व्हिसा आला, मी आणि मृणाली दोघी जातो आहोत. ह्यांनी मला रोज सकाळी ट्रॅक्टर शिकवायला घेतला आहे, आता दुसरा, तिसरा गिअरही कळला. फक्त परवा ट्रॉली लावून मागे घ्यायची होती. हे म्हणाले, ट्रॉली मांगे लेनं तुले जमाव नही. मला राग आला, म्हटलं पुन्हा तेच. ट्रॉली घेतली. ती गोठ्याच्या भिंतीतून आत गेली. नाना, प्रामाणिकपणे लिहिते, ते खरोखर कॅन होतं. हे विटा गोळा करायला लागले. पण पाठमोरे असूनही खांदे हलत होते. तीस वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मग मीही विटांवर बसून हसले.

तुम्हाला काही मागण्यासाठी हे पत्र नाही. तुमचा आशीर्वाद असू द्या, एवढंच. वहिनींना सांगा की येताना खजूर आणीन, पण त्यांच्या शुगरमुळे तोही नानाच खातील.

तुमची धाकटी बहीण,
ज्योत्स्ना

ता. क. तसं एक छोटंसं काम आहे. हे पत्र घेऊन जो माणूस आला आहे, त्याला आठ दिवस ठेवून घ्यायचं. आमचं विमान उद्याचं आहे. त्यांना भात लावता येत नाही, चहाला दूध किती घालायचं ते कळत नाही, आणि एकटे राहिले की उगाच शेताकडे जाऊन केळीच्या झाडांशी बोलत बसतात. तुमच्याकडे राहायचं आहे हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. पत्र द्या आणि नानांचं उत्तर घेऊनच या, एवढंच सांगून पाठवलं आहे. हातातल्या पिशवीत वर वेफर्स आहेत, खाली त्यांचे कपडे आणि गोळ्या.

ता. क. दोन. वहिनींना सोमवारीच फोनवर विचारलं होतं. त्या लगेच ‘येऊ दे’ म्हणाल्या. नानांना विचारू का, असं त्यांनी विचारलं नाही, मीही सुचवलं नाही.

ता. क. तीन. ते लगेच परत निघतो म्हणतील. धुळ्याहून चोपड्याची शेवटची गाडी साडेपाचला आहे. नाना, तुम्ही कुठलंही पत्र हातात लाल पेन घेऊन, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत वाचता, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून एवढं लांब लिहिलं, आणि वेलांट्या मुद्दाम कुठे कुठे चुकवल्या. आता घड्याळ बघा.