दगडावरचा बांगड्यांचा हात

बाबा, सरपंचाचा फोन आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. "तुमच्या बाबाचा सत्कार ठेवला हाय, तुमाले यावंच लागते," म्हणाला. मरून इतकी वर्षं झालेल्या पाथरवटाचा सत्कार गावाला एकाएकी का सुचावा? तहसील कचेरीत नोकरी झाली माझी. सरळ दिसणारा कागद मी आधी उलटून बघते. गेले तर खरं कारण कळलं. तुम्ही कोरलेल्या जवानाच्या दगडावरचा बायकी हात ग्राइंडरनं घासून काढायचा होता, आणि कोरणाऱ्याच्या घरच्या माणसाचा होकार घेतला की तोंडं बंद होतात, एवढंच.

तो दगड मला लहानपणापासून खुपतो. एकाहत्तरच्या लढाईत आपल्या गावचा पोरगा गेला, आणि गावानं तुम्हाला सांगितलं, तळ्याच्या पाळीवरच्या जुन्या वीरगळासारखाच करा. तुम्ही तसाच केला. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर नाव राहील. मधे तो, तलवारीच्या जागी बंदूक. खाली घोडा, पोरगा बिचारा जन्मात सायकलशिवाय कशावर बसला नव्हता. आणि कडेला कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. असा हात म्हणजे नवऱ्यामागे सती गेल्याची खूण, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याची बायको तर जिवंत होती, आपल्याच गल्लीत राहत होती. मी विचारलं होतं, "काकी जित्ती हाय, मंग हात काऊन कोरला?" तुम्ही छन्नी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पुन्हा विचारशीन तर जीभ हासडीन." कधी आवाज न चढवणारा माणूस तुम्ही. तेव्हापासून माझा तुमच्यावर संशय.

त्यात ती दुपार. आई भाताच्या रोवणीला गेलेली, तुम्ही अंगणात दगडाशी, आणि काकी पदर ओढून आत येते. तुम्ही मला विहिरीवर पाण्याला पाठवता. घागर घेऊन परत येते तर ती उठून चाललेली. दगड बसला आणि बायका त्या हाताला हळद-कुंकू लावायला लागल्या. काकीच्या पाया पडत, पण पंगतीत शेजारी बसायला कोणी धजत नसे. जिवंतपणीच देवी करून कोपऱ्यात बसवली तिला. मी मोठी झाले तसा हिशेब जुळवत गेले: सासरच्यांना घराण्यात सती मिरवायची होती, त्यांनी तुमच्याकडून हे करवून घेतलं, आणि ती दुपारी हातापाया पडायला आली तरी तुम्ही ऐकलं नाही. दिवाळीनंतर दर वर्षी त्या दगडाशेजारीच नाटकाचा मंडप पडायचा, आणि मी पडद्याकडं कमी, त्या हाताकडंच जास्त बघायची.

म्हणून आता गावात गेल्यावर शाळेतली नवी शिक्षिका म्हणाली, "सतीचं कौतुक आज कायद्यातही बसत नाही, हात काढायलाच हवा," तर मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. ग्रामसभेआधी काकीला भेटून यावं म्हणून गेले. खुश होईल वाटलं होतं. आता पार वाकली आहे, भात निवडत होती. हात काढणार हे ऐकून सूप बाजूला ठेवलं आणि उठून दाराला कडी लावली.

"हात राहू दे बाई," म्हणाली. "मीच म्हणलं होतं तुह्या बापाले, माह्या हात कोर म्हणून."

मला वाटलं, म्हातारी भ्रमली.

"सासरचे दिरासंगं माह्या पाट लावून राह्यले होते, दुसरं लगन. घरची जमीन घरात राहाले पायजे ना. मले तो माणूस नोको होता. मंग म्हणलं, सती म्हणून दगडावर गेलेल्या बाईचा पाट कोन लावते? देवाची भीती वाटलीच त्याईले. तुह्या बाप म्हणला, मरेपर्यंत बोलनार नाई. बोललाच नाई." मग थांबून म्हणाली, "त्या हातानंच जगली मी एकटी. तू बी कोनाले सांगू नोको."

ग्रामसभेत मी उठून म्हणाले, हात राहील. कारण सांगितलं नाही. म्हातारे टाळ्या वाजवू लागले, त्याची लाज वाटली. ती शिक्षिका माझ्याकडं बघत राहिली. शिकलेली बाई आणि ही असली, हेच तिच्या डोळ्यांत होतं. उद्या शाळेतल्या पोरींनी विचारलं तर काय सांगू, म्हणाली. मी लहानपणी तुमच्याकडं तशीच बघत असणार.

पण बाबा, माझा स्वभाव काही जात नाही. परतीच्या बसमध्ये पुन्हा किडा वळवळला. इतक्या वर्षांत ती मला हे कधीच का बोलली नाही? आता बोलली ती तुमचं नाव राखायला तर नव्हे? की दिवस काढण्यासाठी तिनंच रचलेली गोष्ट, आता तिला खरी वाटते? तिचा दीर अजून आहे, वडशाला मुलाकडं असतो. त्याला पाटाचा एक प्रश्न विचारला असता तर झालं असतं. वडशाला बस बदलायची होती, वेळही भरपूर होता. मी स्टँडवर बसून राहिले, पायही उचलला नाही.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून ठेवीन. एवढंच कबूल करते: तपासल्याशिवाय कशावर सही न करणाऱ्या तुमच्या मुलीनं हे एक तसंच खरं मानलं. काकी म्हणाली तसेच तुम्ही असावेत, असं मला फार वाटतं, बाबा.