फ्रिजची पिन कुणी काढली?

२३ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्याच्या भिंतीवर पाटी! सोनेरी अक्षरं — "सुरक्षित आणि दर्जेदार दवाखाना". जिल्ह्याने दिली आणि सरपंच स्लावचोने शनिवारी कुलूप उघडून ठोकलीसुद्धा. मला विचारलं? छे! खाली सिमेंटचा भुगा तसाच. दर्जेदार म्हणे! हात धुवायला गरम पाणी नाही. लसींच्या फ्रिजमधला दिवा कधीचा गेलाय, पंचायतीकडे मागून मागून थकले. पायरीवर बर्फ धरला की कुणीतरी आपटतंच. पण पाटी आली हो!

आज लसींचा दिवस. मी वरच्या वस्तीवर एका दमेकरी बाईपाशी अडकले. पेनकामावशींनी वाट बघून बाळांना टोचायला सुरुवात केली. त्या इथल्या नर्स, माझ्याही आधीपासूनच्या. मी परतले तोवर सगळी बाळं टोचून घरी गेली होती. उरलेली एक कुपी सहज हातात घेतली.

कोमट!

फ्रिजची पिन मागे लोंबत होती. आतला तापमापक बाहेरच्या खोलीइतकाच आकडा दाखवत होता. नळ गोठू नयेत म्हणून हीटर सुट्टीतही चालू असतो. म्हणजे लसी दोन दिवस उबेत पडलेल्या.

"मावशी, टोचायच्या आधी तापमापक बघितला नाहीत?"

"रोज बरोबरच तर असतो गं..."

 आणि आत दिवा असता तर दार उघडल्याबरोबर कळलं नसतं का?

२४ फेब्रुवारी

जिल्ह्याच्या लस विभागाला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "वाया गेल्या समजा. अपाय नाही, पण भरवसाही नाही. सगळ्यांना परत टोचा." आणि पलीकडच्या खोऱ्यात डांग्या खोकला फिरतोय. तान्ही पोरं खोकता खोकता निळी पडतात त्यात. मी बघितलीयत.

तशीच स्लावचोकडे गेले. कॉफीशेजारी रकियाचा पेला — भर सकाळी दारू!

"पिन कुणी काढली?"

"मला काय ठाऊक? पेनकाला विचारा. वय झालंय तिचं."

"आणि भिंतीला भोकं कशाने पाडलीत?"

"हातोडीने."

हातोडीने! त्या सिमेंटच्या भिंतीत! मग आवाज खाली आणून म्हणतो, "डॉक्टरीणबाई, कशाला बोभाटा? पाटी लागून चार दिवस झाले नाहीत. जिल्हावाले दवाखानाच बंद करतील. मग गावाने जायचं कुठे?"

"तुमची नातही काल टोचून गेलीय, स्लावचो. बिल्याना."

 पेला फिरवत बसला. मग म्हणाला, "पोर धडधाकट आहे."

दार आपटून बाहेर पडले. रागाने!

घरी नवऱ्याचंही तेच. "दारोदार हिंडून या लोकांना लसीला राजी केलंस. एका वाक्यात सगळं मातीत घालशील." खरंच आहे त्याचं. म्हणून तर जास्त चीड येते.

२५ फेब्रुवारी

सांगितलं. आईबापांना बोलावलं आणि त्या पाटीखालीच उभी राहून सांगितलं.

 म्लादेन उठला, तो लाकडांचा ट्रक चालवणारा. "म्हणजे माझ्या एलित्साच्या मांडीत पाणी टोचलंत?" पाणी नाही, म्हटलं, पण उपयोग होईलच असं नाही, परत टोचावं लागेल. "आणि पुढच्या आठवड्यात म्हणाल, तेही नासलं होतं! पोरगी आहे का टाचणीची उशी?" सरपंचाची सून स्वेतला बिल्यानाला छातीशी धरून नुसती बघत राहिली. सासऱ्याने तिला काही सांगितलंच नव्हतं!

"पिन काढली कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

ठाऊक नाही, म्हटलं. मावशींनी नाही एवढं नक्की, शनिवारी त्या बहिणीकडे होत्या. आणि शनिवारी इथे कोण आलं होतं ते तुम्हीच बघा, वर पाटी आहे. पण सरपंचाचं नाव घ्यायची हिंमत कुणाची? सगळे मावशींकडेच बघत निघून गेले.

२६ फेब्रुवारी

नव्या लसी आल्या. बाळ एकही नाही.

१ मार्च, रविवार

गावभर मनगटांवर लाल-पांढरे दोरे. वसंताची सुरुवात म्हणे! पावाच्या दुकानात एकाने मावशींना ऐकवलं, "मावशी, भट्टीपासून लांब बरं का! पाव कच्चा राहायचा आमचा." सगळे हसले. मी मागे रांगेत होते. त्याला असं झापलं की पाव न घेताच पळाला. पण उपयोग काय!

बाहेर मावशी म्हणाल्या, "उद्यापासून मी येत नाही. तापमापक बघितला नाही, ते माझं चुकलं. जन्मभर खाईल ते मला. पण पिन माझी नव्हे गं." डोळ्यांत पाणी. थांबा म्हटलं. नाही थांबल्या.

४ मार्च

जिल्ह्याचा तपासनीस आला. पिनेचं ऐकून मान हलवली. मी फ्रिजच्या दिव्याचं काढलं, तर म्हणतो, "दिवा आमच्या निकषांत बसत नाही, बाई." निकष! पाटी मात्र रुमालाने पुसून गेला.

दुपारी कळलं — पलीकडच्या खोऱ्यातलं एक बाळ खोकल्याने इस्पितळात. श्वास अडकतोय.

आता तरी या रे!

५ मार्च

आले. बाळं घेऊन आले, पण अंगणातच थांबले. म्लादेन म्हणाला, "आधी पिनेचं सांगा. त्याशिवाय आत येत नाही."

तेवढ्यात स्लावचो आला. बिल्याना कडेवर, टोपी हातात. कुणाकडे न बघता म्हणाला, "पिन मी काढली. ड्रिल लावायला. परत लावायची राहिली. आणि पेनकावर ढकललं."



मग म्लादेनने एलित्साला बायकोकडून स्वतःकडे घेतलं. म्हणाला, "पेनकामावशी कुठायत? त्याच टोचतील."

मी एप्रनसकट मावशींच्या घराकडे धावत सुटले.