शिळेवरचं पहिलं नाव

३ फेब्रुवारी १९९२, सोमवार
चौरस्त्यावर शिळा बसवायचं अखेर ठरलं. १८८१ साली जमीनदाराच्या कारभाऱ्यानं आमच्या किलगॅरिफ वाडीतली नऊ कुटुंबं जमिनीवरून हुसकली, त्यांची नावं कोरायची. मे महिन्यात अनावरण. कमिटीत शिकलेला मी एकटाच. बाकीच्यांना मेंढ्यांचे भाव सोडून विषय नाही.

मी सुचवलं, पहिलं नाव माझ्या पणजोबांचं, थेडी हेवरिन यांचं असावं. त्या दिवशी ते गवत उचलायचा लोखंडी काटा घेऊन उभे राहिले, हे लहानपणापासून ऐकत आलोय. सगळे गप्प झाले. भारावले असणार. फक्त बार्टली टॅन्सी म्हणाला, कागद आणा मास्तर, म्हणजे झालं.

या बार्टलीला मी चौथीत दोन वर्षं बसवला होता. आता तो मला कागद मागतो.

घरी अॅट्रॅक्टाला सांगितलं. म्हणाली, राहू दे ना कॉन, कशाला उकरत बसतोस. माझ्या बहिणीला इतिहासात कधीच गती नव्हती.

संकल्प: रोज चार तास संशोधन. सेंट पॅट्रिकच्या सणाआधी काम फत्ते.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पहिला दिवस. (मधल्या आठवड्यात घसा धरला होता.) जिल्हा लायब्ररीत चर्चच्या नोंदवह्या फिल्मवर बघायचं एकच यंत्र, आणि त्यापुढे एक अमेरिकन जोडपं बसलेलं. कुठल्याशा बटाटे पिकवणाऱ्याच्या बाप्तिस्म्याची ओळ बघून बाई रडत होती. यांना पणजोबाचं नाव धड उच्चारता येत नाही. दीड तास वाट पाहिली. घरी आलो.

१९ फेब्रुवारी
सापडले! थेडी हेवरिन, विवाह १८६२. राहण्याचा पत्ता: जमीनदाराच्या बंगल्याचं फाटक. लायब्ररीतली मिस स्कॅनलन खांद्यावरून डोकावून म्हणाली, म्हणजे तिथे चाकरीला असतील, फाटकावर किंवा गुरांवर. मी तिला विचारलं, तुमचं शिक्षण कितपत झालंय? एम.ए. म्हणाली. हल्ली कोणालाही देतात.

उघड आहे, ते फाटकावर निषेध करत बसले होते. हुसकाहुसकीच्या एकोणीस वर्षं आधी. याला दूरदृष्टी म्हणतात.

१७ मार्च
सण. काम फत्ते नाही. दोष फिल्मच्या यंत्राचा. अनावरणाचं भाषण मात्र लिहून ठेवलं, तीन पानं.

९ एप्रिल, गुरुवार. आगगाडीत
डब्लिनला जाऊन जमिनीच्या आकारणीच्या जुन्या वह्या पाहिल्या. कूळ बदललं की जुन्या नावावर रेघ मारायची, वर नवं लिहायचं, कडेला साल. सोपी पद्धत. कारकुनांना झेपेल अशी.

आमचा चौदा नंबरचा तुकडा. ज्यात आमचं घर आहे तोच. पीटर टॅन्सी, त्यावर लाल शाईची रेघ. वर थेडी हेवरिन. साल १८८१.

कारकुनाची चूक. नावं उलटी पडली आहेत. खालचं वर, वरचं खाली.

उरलेली आठ कुटुंबंही तपासली. तिथे चूक नाही. नववं टॅन्सीचंच.

सँडविच खाल्लं नाही.

१० एप्रिल
अॅट्रॅक्टाला कारकुनाची चूक समजावून सांगितली. ती पावाचं पीठ मळत होती, मळायची थांबली नाही. म्हणाली, आईनं मला सांगून ठेवलं होतं. तुला सांगू नको म्हणाली, त्याला ती गोष्ट फार आवडते.

मी विचारलं, अजून कोणाकोणाला माहीत आहे?

म्हणाली, कोणाला माहीत नाही ते विचार.

आईचं शिक्षण बेताचंच होतं.

१२ एप्रिल, रविवार
ठरवलं की बार्टलीला आपणच सांगायचं. मोठ्या मनानं. त्याला धक्का बसेल, म्हणून हळूहळू. प्रार्थनेनंतर त्याच्या गोठ्यावर गेलो. तो एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होता. मी आकारणीच्या पद्धतीपासून सुरुवात केली. वीस मिनिटं बोललो. त्यानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. वर्गात इतका शांत कधी नव्हता.

मग म्हणाला, मास्तर, काट्याची गोष्ट खरी आहे बरं का. थेडी काटा घेऊन दारात उभा होता. फक्त आमची माणसं आत येऊ नयेत म्हणून. माझ्या आजोबांची बहीण तेव्हा पाच वर्षांची. तिची बाहुली आत राहिली होती, ती मागायला गेली होती.

मी विचारलं, मिळाली का?

नाही म्हणाला.

मी म्हणालो, कोकरू अशक्त दिसतंय. तो म्हणाला, जगेल. मग म्हणाला, शिळेवरची नावं आयरिशमध्ये कोरतोय, आमच्यात कोणाला नीट वाचता येत नाहीत. तुम्ही वाचाल का त्या दिवशी?

विचार करून सांगतो म्हणालो. वास्तविक दुसरं कोण आहे त्यांच्याकडे?

१० मे, रविवार
अनावरण झालं. गर्दी बऱ्यापैकी. मिस स्कॅनलनही आली होती, एम.ए. असून बिनछत्रीची. भाषण खिशातच राहिलं, वेळ नव्हता.

नऊ नावं वाचली. उच्चार निर्दोष. पहिलं टॅन्सीचं. तिथे आवाज जरा कापला, तो वाऱ्यामुळे.

बार्टलीनं हात मिळवला. त्याची बायको म्हणाली, सगळे आमच्याकडे चहाला येताहेत मास्तर, तुम्हीही चला. अॅट्रॅक्टा गेली. मला वह्या तपासायच्या आहेत असं सांगितलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, कसल्या वह्या, पण कोणी विचारलं नाही.

एकटाच घरी आलो. दार उघडंच होतं. आत जायला मात्र उगाच थोडा वेळ लागला.