न चढलेली शिडी

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला हं म्हणून भागत नाही.

परवा एका लग्नात तुमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटले. तुझं कौतुक करताना थकत नव्हते. मंडळीच्या इमारतीचं छप्पर तू सांधलंस, दिव्यांच्या तारा बदलल्यास, रंगही दिलास. मग आवाज खाली आणून म्हणाले की, तुमचा भाऊ प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मात्र पुढे येत नाही. शेवटच्या बाकावरून उठतो आणि बाहेर जातो. सहा वर्षं झाली. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण त्यानंतर जेवणात लक्ष लागलं नाही.

काय झालंय ते सांग. तू पोटात ठेवतोस आणि आम्ही इकडे अंदाज बांधत बसतो. वहिनीला विचारीन अशी धमकी देत नाही, पण मनात आहे.

लोभ नेहमीचाच.
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. सलाम, वि. वि.

चार पत्रं फाडली. हे पाचवं.

आमची कंपनी सांभाळते त्या एका इमारतीच्या लिफ्टला सहा वर्षांपूर्वी अपघात झाला होता, ते तुला आठवत असेल. चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई आत पाऊल टाकत होत्या आणि लिफ्ट खाली घसरली. त्यांचा गुडघा कायमचा गेला. ब्रेकच्या पट्ट्या झिजल्या होत्या. ठपका थोरल्या मिस्त्रींवर आला आणि त्यांना घरी बसवलं. ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं, तेच हे मिस्त्री.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. आता माहीत नसलेलं लिहितो. त्या महिन्यात तो ब्रेक तपासायचं काम माझं होतं. मशीनरूम गच्चीवर आहे, लोखंडी शिडी चढून जावं लागतं. मला घरी जायची घाई होती. मी चढलोच नाही. खालीच उभं राहून कागदावर ‘ठीक’ लिहिलं आणि तो मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी माझ्या भरवशावर अहवालावर सही केली. पुढे चौकशीत तो अहवाल निघाला, माझा कागद काही सापडला नाही. आणि मी गप्प बसलो.

तेव्हापासून बाईंचा नळ, दारावरची घंटा, खिडकीची कडी, जे बिघडेल ते दुरुस्त करून देतो. त्या मला देवमाणूस म्हणतात. तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटतं. मंडळीच्या कामाचंही तेच. मी प्रभूला सांगतो, आणखी थोडं करतो, मग तुझ्या मेजाशी येतो. ते थोडं काही संपत नाही.

आता तुला कळलं. लोभ राहिला तर कळव.
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

लोभ राहिला तर म्हणे! तो काय तुझ्या हातात आहे?

पण राग आला, हेही खरं. दोन दिवस इस्पितळाच्या शिवणखोलीत मी कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सुई बोटात घुसली, तेव्हा कुठे भानावर आले. तू केलंस ते वाईट केलंस. एका बाईचा पाय गेला आणि एका भल्या माणसाचं नाव गेलं. यावर मी पांघरूण घालणार नाही.

मात्र तुझी दुसरी चूक मला जास्त सलते. तू स्वतःचा तारणारा स्वतःच व्हायला निघाला आहेस. प्रभू वधस्तंभावर गेला, तो काय तू पुढे कधी छप्पर सांधशील या आशेवर? तारण ही मजुरी असती तर मी केव्हाच पुढचा नंबर लावला असता. रोज प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, एक रविवार चुकवलेला नाही. आणि चादरी शिवता शिवता जावेला मनातल्या मनात काय काय बोलते, ते तुला लिहायचीसुद्धा लाज वाटते. माझा नंबर पहिल्याच आठवड्यात गेला असता रे.

कृपा रिकाम्या हातांनी घ्यायची असते. ती विश्वासानं घे आणि मग मिस्त्रींकडे जा. क्षमा मिळावी म्हणून जाऊ नकोस, मिळाली आहे म्हणून जा. उलट्या क्रमानं सहा वर्षांत जमलं नाही, हे तूच लिहिलं आहेस.

मी प्रार्थना करतेच आहे. वहिनीला आधी सांग.
ताई

६ मार्च

ती. ताईस सा. सलाम, वि. वि.

तुझ्या वहिनीला सांगितलं. तिनं उठून माझे बूट दाराशी आणून ठेवले.

मिस्त्री दोन खोल्यांत राहतात. शेजाऱ्याचा पंखा उघडून बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी पातं बाजूला ठेवलं आणि ठाऊक आहे म्हणाले.

अपघाताच्या दिवशी ते मशीनरूममध्ये चढले होते. ब्रेकच्या झाकणावर, स्क्रूंवर धुळीचा थर तसाच होता. झाकण कोणी उघडलंच नाही, हे त्यांना तिथेच कळलं. माझा कागद त्यांनीच फाडला होता. का, असं मी विचारलं. तुझ्या बायकोला आठवा महिना होता, म्हणाले, आणि न बघता सही मीही केली होती. पुढे हेही म्हणाले की मी काही संत नाही, वर्षभर तुला रोज शिव्या दिल्या, तू येशील म्हणून वाट पाहिली आणि मग तेही सोडलं. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी मला दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

“तो कागद फाडताना मी तुझ्याकडून काही मागितलं नव्हतं. आजही मागत नाही. बस.”

ताई, मी पोरासारखा रडलो. लहानपणापासून प्रवचनात ऐकत आलो होतो की आपल्या जागी दुसरा कोणी उभा राहिला. ते काय असतं, हे त्या स्टुलावर कळलं. मला पत्ताही नव्हता तेव्हाच ते झालेलं होतं.

तिथून बाईंकडे गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. नळ आणि घंटा त्यासाठीच होती का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. पुन्हा येऊ नका असं सांगून त्यांनी दार लावलं. कंपनीला लेखी कबुली दिली आहे आणि मिस्त्रींवरचा ठपका काढा असंही लिहिलं आहे. सध्या मला घरी बसवलं आहे. निर्णय महिन्याभरात येईल.

तुझी वहिनी मला म्हणते की आता तू घरात असलास की खरोखर घरात असतोस.

तुझा
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसावा लागला. मिस्त्रींना माझा सलाम सांग. असा माणूस मला एकदा डोळ्यांनी बघायचा आहे.

बाईंच्या दाराशी आता खेटे घालू नकोस. त्यांचा गुडघा त्यांनाच रोज दुखतो. क्षमा करायची की नाही, आणि केव्हा, हे त्यांचं त्या ठरवतील. त्यांच्यासाठी प्रार्थना कर, आणि तीही त्यांना न सांगता.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी काय केलंस ते लगेच कळव. मी टपालाकडे डोळे लावून बसले आहे.
ताई

२३ मार्च

ती. ताईस सा. सलाम, वि. वि.

आज वहिनीशेजारी पुढच्या बाकावर बसलो. गीत संपलं, लोक उठले आणि माझे पाय सवयीनं दाराकडे वळले. आधी कंपनीचं काय ते कळू दे, बाईंचा राग निवळू दे, मग बघू, असं मनात आलं. दाराशी पोचता पोचता लक्षात आलं की हे तेच जुनं ‘आणखी थोडं’ आहे. मी तिथूनच फिरलो. सगळ्यांच्या मागे रांगेत उभा राहिलो.

मला बघून पाळकसाहेबांचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी भाकर दिली. विशेष असं काहीच झालं नाही. भाकर कोरडी होती आणि द्राक्षरस थोडा आंबट. परत येताना वहिनीनं माझं कोपर धरलं.

बाईंचं दार बंद आहे. कंपनीचं पत्र यायचं आहे. मिस्त्रींची गेलेली वर्षं काही परत येणार नाहीत. एकही गोष्ट निस्तरलेली नाही, ताई, आणि मी जेवून आलो.

तुझ्या लोभातला,
धाकटा